आमच्या सोसायटीचा मांसाहारी गॅस

देशाची अर्थव्यवस्था परळमध्ये सावरायची, आणि तीही आमच्या पंपरूमच्या मागे, हे ठरलं त्या सभेला मी हजर होतो. नुसता हजर नव्हतो, ठरावाला अनुमोदन मीच दिलं. बटाटेवड्यांची परात दारापाशी येऊन थांबली होती आणि अनुमोदनाशिवाय ती पुढे सरकणार नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आमची सोसायटी म्हणजे चाळ पाडून उभ्या केलेल्या दोन इमारती. एकीत आम्ही जुने भाडेकरू, बहुतेक कोकणातले, आजोबा गिरणीत खपलेले. दुसरीत फ्लॅट विकत घेतलेली नवी मंडळी. अध्यक्ष आमच्या इमारतीतले. एका तेल कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. नोकरीभर या गृहस्थांनी परदेशातून येणाऱ्या तेलाच्या फायली इकडून तिकडे सरकवल्या, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना परदेशी तेलाचा संताप आला.

"देशाची कंबर कशाने मोडली?" त्यांनी सभेला विचारलं.

"खड्ड्यांनी," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाहेरून आणलेल्या इंधनाने!" अध्यक्ष गरजले. "आपलं प्रत्येक स्वयंपाकघर ही तेलविहीर आहे. पंपरूमच्या मागे बायोगॅसची टाकी बांधू. ओला कचरा तिच्यात घाला, गॅस काढा, सिलिंडर परत पाठवा. परकीय चलन वाचेल. रुपया उभा राहील!"

रुपया केळीच्या सालीवर पाय देऊन उभा राहतोय, असं चित्र मी डोळ्यांसमोर आणलं आणि जोरात टाळ्या वाजवल्या. वडे आले.

टाकीतून निघणारा गॅस मात्र एकाच स्वयंपाकघराला पुरणार होता. निवड झाली आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींची. नवरा गेल्यापासून वहिनी जेवणाचे डबे करून देतात. रोज चाळीस डबे, दुपारी बाराच्या ठोक्याला. मुलगी त्या डब्यांवरच शिकते आहे. वहिनींनी सकाळ-संध्याकाळ टाकीत कचरा घालायचा आणि बदल्यात गॅस वापरायचा, असा सौदा झाला. अट एकच. दोन्ही सिलिंडर परत करायचे.

"एक ठेवते ना," वहिनी म्हणाल्या. "अडीअडचणीला."

"ताई, सीमेवरचा सैनिक अडीअडचणीला घरी पळायची वाट मोकळी ठेवतो का?"

सीमेवर वहिनींनी जायचं होतं. अध्यक्षांच्या स्वतःच्या घरी पाइपचा गॅस होता. वहिनींच्या खोलीपर्यंत तो पाइप पोचला नव्हता, आणि अध्यक्षांच्या शेगडीत जळतं ते कुठल्या देशातून येतं, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. सिलिंडरना हार घालून निरोप दिला. टाकीच्या विरजणासाठी तबेल्यातून टेम्पोभर शेण आणलं. ड्रायव्हरशेजारी अध्यक्ष बसले होते, लग्नाची वरात घेऊन आल्यासारखे.

आता कबूल करायला जिवावर येतं, पण ती टाकी चालली. माझ्यासारख्या कुचाळखोराला याहून मोठं दुःख नाही. दोन महिने वहिनींच्या शेगडीत निळी, ताठ ज्योत. आमच्या इमारतीचा कचराही खानदानी होता. उरलेला भात, भाजीचे देठ, आणि बुधवार-शुक्रवार-रविवार बांगड्याची डोकी, सुरमईचे कल्ले. मासळीच्या दुसऱ्या दिवशी टाकीला असं काही बळ यायचं की वहिनी म्हणायच्या, "आज भाकरी बघा कशी फुगते."

मग सत्यनारायण आला. सोसायटीच्या पूजेचा प्रसाद स्वदेशी गॅसवरच शिजला पाहिजे, असा अध्यक्षांचा हट्ट. वहिनींनी साजूक तुपात शिरा केला. द्रोण हातात घेतल्यावर नव्या इमारतीतल्या खजिनदारबाई थबकल्या.

"अध्यक्षसाहेब, ये टंकी में फिश भी जाता है क्या?"

"सगळा ओला कचरा जातो," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

"मतलब ये गॅस नॉन-व्हेज है?"

चाळीस माणसं हातात द्रोण धरून तशीच उभी राहिली. मी माझा शिरा संपवला आणि शेजारच्याचा मागून घेतला.

आठवड्यात ठराव झाला. टाकीत फक्त शाकाहारी कचरा. पहिली सही अध्यक्षांनीच केली, कारण पुढच्या निवडणुकीत नव्या इमारतीची मतं जास्त होती. परदेशी तेलापुढे न वाकणारा हा पुरुष मतांपुढे कसा घडीच्या खुर्चीसारखा मिटतो, ते मी डोळे भरून पाहिलं. आमची इमारतही कमी नाही. "आमचे मासे चालत नाहीत, तर आमचा भातपण नको," म्हणत सगळ्यांनी बादल्या थेट कचऱ्याच्या गाडीत रिकाम्या करायला सुरुवात केली. राहिला नव्या इमारतीचा कचरा. ती मंडळी तब्येतीला जपणारी. पहाटे लिंबूपाणी, सकाळी संत्र्याचा रस, संध्याकाळी मोसंब्याचा. रोज सालींच्या बादल्याच्या बादल्या. दहा-बारा दिवसांत टाकी आंबली. ज्योत पिवळी पडली, मग लुकलुकली, आणि एका मंगळवारी सकाळी चाळीस डब्यांची डाळ अर्धकच्ची असताना विझली.

वहिनी पिठाच्या हातांनी अध्यक्षांच्या दारात. चिडल्या की त्या मालवणीत बोलतात.

"गॅस खंय गेलो?"

"संक्रमणकाळ आहे, ताई. प्रत्येक राष्ट्र यातून जातं."

"राष्ट्र जाऊंदे. बारा वाजता डबे जातत."

त्या दिवशी डाळ आमच्याकडे शिजली, भात तिसऱ्या मजल्यावर, पोळ्या चार घरांत. डबे दीडला गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. सिलिंडरसाठी वहिनींनी पुन्हा अर्ज केला, तर महिनाभर थांबा असं उत्तर आलं. आठवड्यात दहा गिऱ्हाइकं गळाली. उरलेल्या तिसांपैकी निम्म्यांनी, रविवारपर्यंत वेळ सुधारली नाही तर डबा बंद, असं कळवलं.

शनिवारी सभा बोलावली, तीही वहिनींच्याच सहीने. अध्यक्षांनी स्वावलंबनाची पाच मिनिटं वाजवून घेतली. मग वहिनी उठल्या. आवाज अगदी गोड.

"अध्यक्ष, तुम्ही जन्मभर तेलात होतात. एक सांगा हो, ते जमिनीखालचं तेल नि गॅस, कशापासून होतात?"

तेलाबद्दल कुणी विचारलंय आणि अध्यक्ष गप्प बसलेत, असं आजवर झालेलं नाही. त्यांची छाती फुगली. "लाखो वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक बारीक जीव मरून तळाशी साचले. त्यांच्यावर गाळ चढला, दाब पडला..."

"म्हणजे समुद्रातलं मेलेलं."

"शास्त्रीय भाषेत तसं नाही म्हणत, पण... हो."

"नि लाखो वर्षांचं शिळं."

अध्यक्षांना आता कुठे कळलं की आपण कुठल्या जाळ्यात शिरलोय. ते खजिनदारबाईंकडे बघायला लागले.

"बारीक जीव म्हणजे फिश नाही," बाई मराठीत म्हणाल्या. रागावल्यावर त्यांना स्वच्छ मराठी येतं, हे सोसायटीला त्या दिवशी समजलं.

"जवळापण बारीकच असतो, बाई," वहिनी म्हणाल्या. "पण वाळला की सुकटच म्हणतात त्याला. तुम्ही वर्षानुवर्षं त्या शिळ्या सुकटीवर देवाचा नैवेद्य शिजवलात, मी काही बोलले का? माझे बांगडे निदान सकाळी बाजारातून आणलेले असतात."

हसण्याचा जो स्फोट झाला, त्यावर आठवडाभर स्वयंपाक झाला असता. खजिनदारबाईंच्या यजमानांनीच पहिला हात वर केला. पुढे कळलं की ते शुक्रवारी ऑफिसच्या नावाखाली आमच्या इमारतीत जेवून जातात. ठराव रद्द. लिंबू-संत्र्याची सालं बंद. वहिनींनी तिथल्या तिथे दुसरी मागणी ठेवली. डबे वेळेवर जाईपर्यंत अध्यक्षांनी आपल्या घरची एक शेगडी रोज सकाळी द्यायची, आणि सिलिंडर आला की तो कुणी मागायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, "अर्धवट स्वावलंबन म्हणजे..." आणि समोरचे चेहरे बघून त्यांनीही हात वर केला.

टाकीत चुना पडला, ताजं शेण पडलं. दुसऱ्याच सकाळी मी आमच्या घरची बादली घेऊन रांगेत उभा होतो. वहिनींनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "भावोजी, कोळंबीची सालं वेगळी काढा. ती पचत नाहीत तिला." रविवारपासून डबे बाराला निघाले, परदेशी शेगडीवर शिजलेले. गळलेल्या दहांपैकी सहा गिऱ्हाइकं परत आली. चार नाही आली.

तीन आठवड्यांनी निळी ज्योत उभी राहिली, त्याच्या आदल्या दिवशी सिलिंडरही आला होता. अध्यक्ष मोबाइल घेऊन हजर. हा व्हिडिओ वरपर्यंत जाणार होता, म्हणून त्यांना चौकटीत ज्योत हवी होती, वहिनी हव्या होत्या, आणि कोपऱ्यातला लाल सिलिंडर अजिबात नको होता. डावीकडे सरकले, सिलिंडर. उजवीकडे सरकले, सिलिंडर. शेवटी ते शेगडीवर ओणवे झाले.

"ताई, जरा हसा. देश बघणार आहे."

वहिनींनी तवा चढवला, घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"बघूंदे," त्या म्हणाल्या. "तुमी पयले बाजूक व्हा. ज्योतीक वारो लागता."