पल्लवीचं डोकं दुखत होतं

पल्लवी गेली हे वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी लाडवांचा डबा आठवला. तिच्या सासूने पाचवीच्या पूजेला आणलेला तो डबा मेडशीला, आमच्या घरी फडताळात होता, आणि कुणी तो धुऊन टाकायच्या आत मला तिथे पोचायचं होतं. माझी एकुलती एक नणंद बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी गेली होती, तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, भिंतीला टेकून रडत होता, आणि मी पुराव्याचा विचार करत होते... आज त्याला सात आठवडे झाले.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पल्लवी त्यावरून मला फार चिडवायची. “वहिनी, तुमाले तं देवाच्या परसादातबी खडे दिसतात,” म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नववीत होती. माझ्याच हाताखाली पोळ्या शिकली आणि कधी गोल लाटली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती आसेगावहून आमच्याकडे आली. पाय सुजलेले होते. पोटुशी बाईचे पाय सुजतातच, असं सासूबाई म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, म्हणून आम्ही पेढे वाटले. बाळ बाहेर आलं की धोका संपला, असंच आमच्या घरात सगळे धरून चालायचे. त्यानंतर बाळाला दिवसातून दहादा बघायचो. आईकडे बघायचं ते दूध येतं की नाही एवढ्यापुरतं.

पाचवीला विहीणबाई, म्हणजे पल्लवीच्या सासूबाई, डिंकाचे लाडू घेऊन आल्या. नात मांडीवर होती, पण त्या टक लावून बघत होत्या पल्लवीच्या तोंडाकडे. मुलगी झाल्याचा राग आहे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

“हिचं तोंड असं काहून दिसून राह्यलं?” त्यांनी विचारलं.

“जागरण हाय,” मी तोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीचं डोकं दुखायला लागलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, वारं लागलं. मला लाडवांचा संशय. तिने आदल्या दिवशी एक खाल्ला होता. पुढचा मी खाऊ दिला नाही. कानांवरून फडकं घट्ट बांधलं, ओव्याची धुरी दिली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. “वहिनी, डोयासमोर काजवे चमकून राह्यले,” ती म्हणाली. धुरामुळे होतं तसं, मी म्हणाले, आणि फडक्याची गाठ आणखी आवळली.

दहाव्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, गणेशरावांचा फोन आला. “वहिनी, गाडी घेऊन येतो. पल्लवीले वाशीमले दाखवून आणू.” माझे कान टवकारले. डोकं दुखतं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पल्लवीनेच सांगितलं असेल, हे सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की दवाखान्याच्या नावाखाली तिला आसेगावला नेतील आणि परत पाठवणार नाहीत. “सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही आमच्यात,” मी सांगितलं. “कायले गाडीचा तरास घेता?” बाराव्या दिवशी सकाळी, बारशाची तयारी चाललेली असताना, तिला झटके आले.

“बाळंतपण झाल्यावरही रक्तदाब चढू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं... तेव्हाच आणायला हवं होतं.” स्वतःची चूक झाकताहेत, असं मला वाटलं. दोन दिवसांनी मी दार लावून त्या डब्यातला एक लाडू खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत वाट बघितली. काही झालं नाही. गूळ थोडा जास्त होता, पल्लवीला आवडायचा तेवढा.

मागच्या आठवड्यात एसटीने आसेगावला गेले. बाळ तिथेच असतं. घरात विहीणबाई एकट्याच होत्या. गाडीला नाही मीच म्हटलं होतं, हे बसल्या बसल्या सांगून टाकलं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “गाडीचं मीच सांगतलं होतं गणेशले. माह्या बहिणीचं तोंड असंच सुजलं होतं, बाळंतपणानंतर. ते वाचली नाही. पाचवीले पल्लवीले पाह्यलं अन् तेच आठवलं. पण तिथं कशी बोलू... तुमी म्हणाल, नात पाहाले आली अन् मराचं बोलते.”

मी नक्की तसंच म्हणाले असते. त्यांच्या आवाजात राग आहे का, हे मी कान देऊन ऐकत होते. सापडला असता तर बरं झालं असतं.

बाळाची झोळी पल्लवीच्या हिरव्या सुती साडीची आहे. काठाला तिनेच घातलेली टीप, जाड दोऱ्याची, वाकडीतिकडी. बाळ रडायला लागलं तसं विहीणबाईंनी तिला झोळीतून काढून माझ्या मांडीवर दिलं, दुधाची वाटी आणि चमचा माझ्या हातात ठेवला. “तुमी पाजा, मी गोठ्यातून येतो,” म्हणाल्या.

वाटी धरून मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. दारातून एकदा तरी वळून बघतील, असं मला वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही.