मानकोलीची बाई

केसरीनाथ शेठनं मानकोलीला बाई ठेवलीय, ही बातमी पहिल्यांदा भिवंडीत त्यांच्याच गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे फुटली. रोज सकाळी कडक पांढरा सदरा, हातात डबा, आणि संध्याकाळी परतताना चालीत थकवा. थकवा कसला, यावर गल्लीला फार विचार करावा लागला नाही.

"शेठ, या वयात झेपतं ना?" शेजारचा लडकू विचारायचा.

शेठ मिशीतल्या मिशीत हसायचे. नाही म्हणायचे नाहीत. कानामागे अत्तराचा फाया तर त्यांनी बातमी कानावर आल्यावरच सुरू केला.

शेठ ही पदवी बारा लूमची. नोटाबंदीत सूतवाल्यानं उधारी बंद केली, तरी शेठ तगले. पण लॉकडाऊनमध्ये कारीगर चालत मुलखाला गेले ते परतलेच नाहीत. बाराही लूम भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं गेले. गल्लीला सांगितलं, नव्या मशिनी येताहेत. बाजार साऱ्या देशाचा बसला होता, लाज मात्र शेठना एकट्याला वाटली. कुणाच्याही हळदीला पहिली खुर्ची त्यांची असायची. ती सोडवेना.

बायको सीताबाई महिनाभर बोलली नाही. डबा मात्र भरत राहिली. एका सकाळी तोही भरला नाही.

"आज तिलाच करू दे."

"सीते, तसं न्हाय."

"मग कसं हाय? सांगा, न्हाय तं मी चालले अंबाडीला, भावाकडं. कायमची."

खोटं बोलणं सोपं होतं. वेळ पडली तर सांगायला त्यांनी बाईचं नावही ठरवून ठेवलं होतं, विनिता. पण जीभ वळली नाही.

"बस गाडीवर."

मानकोलीला गोडाऊनमागे शेठनी सदरा उतरवला, घडी करून तिच्या हातात दिला आणि डिकीतून निळा शर्ट काढला. तेवढ्यात कंटेनरचा हॉर्न वाजला.

"ऐ चाचा, गेट खोल. सो गया क्या?"

शेठ धावले. सलाम ठोकताना मान खालीच होती. सीताबाई सदरा छातीशी धरून उभी.

"गल्लीत बोलू नको," परत येऊन ते पुटपुटले.

"विचारलं तं काय सांगू?"

"बाई हाय, म्हण."

मानकोलीला बाई नव्हती. केसरीनाथ शेठ तिथं गोडाऊनच्या गेटवर वॉचमन होते. आजही आहेत.