उलटा लागलेला डबा

सुकरामला एकही परकी भाषा येत नव्हती, आणि तरी देशोदेशीचे सिनेमे गावोगाव समजावून सांगायचं काम त्याचंच. हसू नका. गोंदियाच्या यादोरावनं चोपन्न साली आपल्या फिरत्या तंबूसाठी परदेशी सिनेमांचा एक गठ्ठाच आणला होता. बड्या कंपन्यांचे नव्हेत. कुण्या चार-सहा जणांनी आपल्या हिमतीवर काढलेले. कुठं बर्फातले मासेमार, कुठं उंटवाले, कुठं खाणीतली माणसं. बोली कुणाच्या बापाला कळत नव्हती, म्हणून तर ते यादोरावच्या वाट्याला आले. पडद्याशेजारी सुकराम उभा राही आणि आपल्या झाडीबोलीत सांगत सुटे. आवाज असा की शेवटच्या रांगेतली म्हातारीही पदर डोळ्यांना लावी. त्या आवाजाचा त्याला भारी गर्व, आणि तोच नडला.

दिवाळीनंतरची केशोरीची मंडई, म्हणजे तिकडची जत्रा. येताना नाल्यात बैलबंडी कलंडली, फिल्मच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या, आणि मशीनवाल्या मनिरामनं अंदाजानं डबे लावले. त्या रात्रीच्या खाणीच्या सिनेमात पोरगा आधी सुट्टीवर घरी येतो, आईच्या हातचं जेवतो, मग परत जाऊन खाणीत दबून मरतो. मंडईत तो आधी मेला आणि शेवटी हसत दारात उभा राहिला! सुकरामनं हा सिनेमा दहादा सांगितला होता. डबा उलटा लागला हे त्याला तेव्हाच कळलं. पण समोर सगळा तंबू रडत होता. डबा चुकला म्हणायचं सोडून हा बाबा ओरडला, "मेला म्हनत होते ना? पाहा, आला! मायच्या दारात आला!" शिट्ट्या, टाळ्या. सुकराम फुलून गेला.

पहिल्या रांगेत धुरपता बसली होती. तिचा कवडू कोळशाच्या खाणीत कामाला गेलेला. दोन वर्षांपूर्वी खाण ढासळल्याची खबर आली, प्रेत काही आलं नाही. रडून रडून म्हातारी कशीबशी सावरली आणि सून वच्छलाचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, तिनं स्वतःच गावातल्या बिसरामशी ठरवला. विशीतली पोर, किती दिवस घरात बसवून ठेवणार? पाट चार दिवसांवर आलेला, आणि मंडईच्या दुसऱ्या सकाळी धुरपतानं बिसरामकडून आलेलं लुगडं परत धाडलं. सुनेच्या कपाळावर आपल्या हातानं कुंकू लावलं.

वच्छला धावत तंबूवर आली. "काय करून ठेवलं जी तुमी? आता तुमीच सांगा तिले."

सुकराम तसाच धुरपताच्या घरी गेला. म्हातारीचे पाय धरले. "माय, डबा उलटा लागला होता. तो पोरगा मरते वो शेवटी."

"काऊन खोटं बोलून राह्यला रे? मी आपल्या डोळ्यानं पायलो ना!"

मग त्यानं यादोरावच्या हातापाया पडून त्याच संध्याकाळी तोच सिनेमा पुन्हा लावायला लावला. एकेक डबा स्वतः तपासून दिला. पोरगा घरी आला, जेवला, गेला, दबला. पडद्यावरची आई चिखलात बसली. सुकरामनं पदरचा एक शब्द घातला नाही. वच्छला सारा वेळ सासूच्या तोंडाकडे पाहत होती.

धुरपता उठली, पदर झटकला. "कालचा बरोबर होता. आज तुमी उलटा लावला," असं म्हणून ती सुनेचा हात धरून घरी गेली.

बिसराम काही देव नव्हता, वाट पाहत बसायला; माघात त्यानं दुसरीशी पाट लावला.

साठ साल उजाडलं. तंबूत आता हिंदी बोलपट. समजावणाऱ्याला कोण विचारतो? सुकराम दारावर तिकिटं फाडू लागला होता. केशोरीच्या मंडईत वच्छला एकटीच आली. म्हातारी पावसाळ्यात गेली, तिनं सांगितलं. जाताना एवढंच बोलली, कवडूसाठी भात झाकून ठेवत जा. कपाळावरचं कुंकू तसंच होतं.

सुकरामला तिच्याकडे पाहवेना. "पोरी, तुह्या जिंदगीचं मी वाटोळं केलो वो."

ती ऐकतच नव्हती. "तो खाणीवाला सिनेमा आनला का जी?"

"नाही वो. तो कवाच परत गेला."

"पुन्हा आनला तं सांगजा," वच्छला म्हणाली. "पन सरळ नोको. पयल्या दिवशी लावला होता तसा लावजा."

एवढं बोलून ती वळली. घरी भात झाकायचा राहिला होता.