उसनी गोळी

शेवंतामावशींना हळू बोलता येत नसे. वडिवळ्याच्या शाळेत मी रुजू झाले आणि त्यांच्या घरात खोली घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "बाई, जेवला का तुमी?" मी मान हलवून नाही म्हटलं. "आजून जेवला न्हाई व्हय!" त्या म्हणाल्या, आणि अख्ख्या आळीला कळलं. थोड्या वेळात शेजारून भाकरी आली, मागोमाग कालवणही.

घरात त्यांची धाकटी जाऊ होती, कमळ. ऐन चाळिशीत तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली. अंगाची आग होई, झोप उडाली, हातपाय गळाले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून तिला इस्ट्रोजेनची गोळी दिली, कारखान्यात बनवलेलं बाईच्या शरीरातलंच द्रव्य. पुढच्या लावणीला कमळ पुन्हा चिखलात उतरली.

मावशींची पाळी गेल्यावर त्यांच्याही अंगाची तशीच आग होऊ लागली. त्यांनी कमळच्या गोळ्यांची पट्टी मेडिकलवाल्याला दाखवली आणि तीच गोळी आणली. डॉक्टरला विचारलंत का, असं मी म्हटलं तर हसल्या. "तिला चालती ती मला का चालू न्हाई? येकाच चुलीवरचं खातो आमी." गोळीनं झोप लागू लागली. मग कित्येक वर्षं त्या घेतच राहिल्या.

एकदा त्या शेताच्या बांधावर मटकन बसल्या. मी जवळ गेले, तर माझा हात धरून कुजबुजल्या, "बाई, पाळी परत आलीया. लय म्हैनं झालं. ह्या वयात कुनाला सांगू?" त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तळेगावच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं, तर आतलं अस्तर वाढत राहतं आणि त्यात कॅन्सर होऊ शकतो. जोडीला दुसरं औषध आणि वेळच्या वेळी तपासणी लागते. कमळला गर्भाशय नाही, म्हणून तिचं वेगळं. "गोळीमुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण धोका वाढतो. आणि रक्त दिसलं तेव्हाच यायला हवं होतं." मावशींचा कॅन्सर गर्भाशयातून पोटात पसरला होता.

बचत गटाच्या बैठकीत मावशी भिंतीला टेकून बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाळी गेल्यावर येक थेंब जरी दिसला, तरी डाक्टरकडं पळा. मी लाजले. तुमी लाजू नगा. आन दुसरीची गोळी खाऊ नगा." दारात चार पुरुष उभे होते. मावशींनी त्यांच्याकडे बघून तेच पुन्हा सांगितलं.

कमळनं मात्र स्वतःची गोळी बंद केली. "माज्या पट्टीनं घात केला," म्हणून रडायची. रात्र रात्र जागायची, दिवसा भिंतीला धरून चालायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुला ती हवीच आहे. तिनं ऐकलं नाही.

मावशींना तेव्हा उठताही येत नव्हतं. त्यांनी मला फडताळातली कमळची पट्टी काढायला लावली आणि कमळला हाक मारली.

"ही तुजी हाय, तुलाच दिल्याली. मी डाक्टरला न इचारता घेतली, ती चूक माजी. घे."

"न्हाई जाऊबाई."

"माज्यामागं ह्या घराकडं कोन बघनार? घे माज्यासमोर."

कमळनं गोळी तोंडात टाकली. मावशींनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं केला, आणि तिनं घोट गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

भात कापायला आला तेव्हा मावशी गेल्या. त्या वर्षीची कापणी कमळनं उरकली.