आमच्या खाडीची सुकट

'ज्या पाण्यात मासे जगतात, ते पाणी शुद्ध.' आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत आलं, की काचेच्या मोठ्या टाकीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत दिसतं. टाकीत लाल मासे. कोकणातल्या खाडीकाठच्या या केमिकल कारखान्यात सांडपाण्याचं खातं माझ्याकडं आहे. पाहुण्यांना टाकीही मीच दाखवतो. रसायनशास्त्र शिकलेला माणूस मी... भूत, भानामती यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणून तर पंचाईत झाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात रजेवर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, मोताळ्याला ताईकडं गेलो होतो. भाची वैशू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आणि तिला सुकटीचे डोहाळे. ताईनं आठवडी बाजारातून सुकट आणून परातीत भिजत घातली होती.

"तुह्याच खाडीची आहे," ताई म्हणाली. "सुकटवाल्याले खोदून खोदून इचारलं. तू तिथलं पानी साफ करतं, म्हनून भरवसा."

मी परातीत डोकावलो. टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे... आणि सगळी डोकी माझ्या दिशेला. मी उठून पलीकडं गेलो. ती डोकी सावकाश माझ्याकडं वळली. पंखा बंद केला, मनात पृष्ठताण वगैरे आठवून पाहिलं, खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पुन्हा वळली.

"मामा, हे तं तुमच्याकडंच पाहून राह्यले!" वैशू खिदळली. "साहेबाले वळखलं वाटते!"

भरतीच्या वेळी आमच्या पाइपातून काय सुटतं आणि ओहोटीला काठावर काय मरून पडलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. तेवढंच सांगायचं होतं.

"खाऊ नको पोरी," मी म्हणालो.

"काऊन?" ताईनं विचारलं.

"...उष्ण पडते."

"एवढं शिकून हेच सांगतं का बे?" ताई म्हणाली. पण लेकीच्या काळजीनं तिनं परात उकिरड्यावर रिकामी केली.

संध्याकाळी गल्लीभर सुकट भाजल्याचा वास सुटला होता. बाजार एकच, सुकटवाला एकच. मी ओट्यावर बसून होतो.

ती सुकट का वळत होती, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. टाकीतले लाल मासे मात्र माझ्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना आम्ही बोअरचं पाणी घालतो.