सगळ्या तारा लाल

कवळ्या बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. मेणात बसवलेला एखादा दात केसभर वाकडा दिसला तरी तो अख्खी रांग काढून पुन्हा लावायचा. घड्याळ लावून जेवणारा, नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसाच्या गळ्यात ताईने आपली गाडी मारली आणि तिथून त्याचं सगळं बिनसलं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. जमिनी मोजणं हे तिचं काम. ऐंशीच्या दशकात, पंचविशी ओलांडायच्या आत तिने ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा वडील महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मोजणीची तिपाई शेजारच्या सीटवर आडवी टाकायची, तिपाईचे पाय खिडकीबाहेर काढायचे आणि निघायचं. गाडी रस्त्यात बंद पडली तर स्वतःच खाली शिरायची. अशी तेवीस वर्षं गेली. मग नजरेच्या अगदी मधोमध एक काळा ठिपका आला आणि वाढतच गेला. गाडी दारात उभी राहून गंजायला लागली, तेव्हा तिने किल्ली भावाच्या हातावर ठेवली.

"बाळ्या, चालती कर आणि मला एक चक्कर मारून आण. बाकी काही नको."

वर्षभरात होईल, असं त्याला वाटलं होतं.

पहिल्यांदा पेट्रोलची टाकी उतरवली, तर आतून गंजाचे पोपडे निघाले. टाकी साफ केली, तर गंज कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसलेला. तो सोडवला, तोवर ब्रेक धरून बसले. एक काम हातावेगळं केलं की दुसरं दारात उभं. बॉनेटमधून वर येणारे ते झोकदार दिवेही तसलेच. एक वर यायचा, दुसरा मिटलेलाच, जणू गाडी त्याला डोळा मारतेय. आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं होतं आणि तसलं चाक आता कुठेच बनत नव्हतं. मग त्याने कार्यशाळेतल्या प्लास्टरमध्ये साचा घेतला आणि कवळीच्याच मसाल्यात चाक ओतलं. हिरडीसारखं गुलाबी चाक. ते मात्र चपखल बसलं. त्या आठवड्यात तो शिट्टी वाजवत कामाला गेला.

पुढच्या आठवड्यात त्याने डॅशबोर्ड उघडला. आत वायरिंगचा गुंता, आणि मूळच्या रंगीत तारा जाऊन बहुतेक सगळ्या तारा लाल. हॉर्न दाबला की वायपर फिरायचा. कुठली तार कुठे जाते हे कळायला मार्ग नव्हता. तो एकेक तार बोटात धरून शेवटपर्यंत जायचा, कागदावर आराखडा काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी आराखडा खोटा ठरायचा. हे कुणाचं काम हे त्याला ठाऊक होतं. पण ताईला विचारायचं म्हणजे तिची चूक काढायची, आणि तिची नजर गेल्यावर चूक काढायची म्हणजे फारच झालं. म्हणून तो गप्प राहिला आणि आतल्या आत धुमसत राहिला.

"अहो, विका तरी," बायको म्हणायची, "नाहीतर पलंगच तिथे नेऊन टाका."

दर रविवारी ताईचा फोन. "झाली का?"

"होतेय."

सहा वर्षं होतच होती. शेवटी एका सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि सुरू राहिलं. त्याने लगेच फोन केला. ताई इस्त्रीचा शर्ट घालून आली, बॉनेटवरून तळहात फिरवला आणि न अडखळता आत जाऊन बसली.

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, काही नाही. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, आणि सहा वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडलं.

"ताई, या तारा कुणी जोडल्या?"

"मी. आणखी कोण जोडणार?"

"सगळ्या लाल?"

"लाल रीळ होतं माझ्याकडे. चांगलं मोठं. पंधरा वर्षं पुरलं."

"पुढच्या माणसाला हे कसं कळणार, असा एकदाही विचार नाही आला तुला?"

"पुढचा माणूस होता कुठे? मीच होते." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि रंग कशाला बघतोस? आडवं पडून हात घातला की तिथे दिसतं काय? मी सुतळीच्या गाठी मारल्यात प्रत्येक तारेवर. दिव्यांना एक, पंपाला दोन, हॉर्नला तीन. बोटांना कळतं. सरक, मी बघते."

तो सरकला नाही.

"ती काळी, चिकट सुतळी?"

"हो."

"ती मी ब्लेडने कापून टाकली. पहिल्याच वर्षी. घाण दिसत होती."

ताईने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "सगळी?"

"सगळी."

तिने डॅशबोर्डखाली हात घालून एक तार चाचपून पाहिली. मग म्हणाली, "लहानपणी माझी वही अशीच खोडून खोडून स्वच्छ केली होतीस. अख्खा अभ्यास गेला होता माझा."

गाडी ओढून न्यावी लागली. ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून, तोंडं दोन बाजूंना करून बसली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, ताईच आली. ती डॅशबोर्डखाली आडवी, तो शेजारी उकिडवा. ती आठवून आठवून तार सांगायची, तो रंगीत पट्टी चिकटवायला जायचा, ती म्हणायची पट्टी नको, गाठ मार. दर रविवारी त्यावरून वाद. शेवटी पट्टी आणि गाठ दोन्ही झालं. आठ महिने लागले. त्यात दोनदा ती रागावून निघून गेली आणि एकदा तो.

चक्कर झाली ती एका मंगळवारी, धरणाच्या रस्त्याने, पाऊण तास. गाडी कुठेही अडली नाही. ताईने काच खाली करून कोपर बाहेर काढलं आणि सबंध रस्ता त्याच्या गिअर बदलण्यावर टीका केली. दारात उतरताना म्हणाली, "क्लच फार दाबतोस."

त्याने गाडीवर कापड टाकलं, आत गेला आणि बायकोला म्हणाला, "आता रविवारी ताईचा फोन कशाला येईल?"