आमच्या गल्लीचा कोरडा शुक्रवार

माझ्या नणंदेचं लग्न डासांमुळे मोडता मोडता राहिलं. (डासांना यातलं अजून काही माहीत नाही.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्यात आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस हिवतापाने गोधडीत कुडकुडत होतं. मलेरिया खात्याची माणसं सांगून गेली, आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा. झालं! माझ्या अंगातच आलं. दर शुक्रवारी पदर खोचून निघायचे आणि लोकांचे माठ, पिंपं, हंडे स्वतःच्या हातांनी पालथे घालायचे. (आता दुसऱ्याच्या माठाला हात लावून बघा!) मला बघून समोरच्या सलमाचाची तर दाराला कडीच लावायच्या. मला वाटायचं, नमाजाची वेळ असेल!

नेमके एका शुक्रवारी सुशीलेला, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला फैजपूरचे पाहुणे येणार होते. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे गं."

"अक्का, डास काय पाहुणे बघून थांबतात?"

सगळी गल्ली कोरडी केली. दुपारी नळ येणारच होता. आला फक्त त्याचा आवाज. फुस्स!

धावत शेजारच्या जिजींकडे गेले. "जिजी, हंडाभर पाणी द्या ना!"

"बठ्ठं पानी तूच गटारमा ओती गयी, आते मांगाले उनी?" सगळं ओतून वर मागायला आले, म्हणून जिजी अहिराणीत कडाडल्या.

तेवढ्यात पाहुण्यांची रिक्षा आली. दारोदार पालथे माठ, उपडे हंडे आणि पडलेल्या चेहऱ्यांच्या बायका! मुलाच्या मामांनी खाली टाकलेला पाय पुन्हा वर घेतला.

"घरोघरी पाणी ओतून दिलंय, सुतक आहे का हो? कोण गेलं?"

अक्का पांढऱ्याफटक. सुशीला दाराआड रडकुंडीला आलेली. मी रिक्षेपुढे आडवी झाले. "कोणी नाही गेलं! डास गेले, डास!"

मामांनी मला नीट न्याहाळलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "वळव बाबा."

तोच समोरच्या दाराची कडी वाजली. सलमाचाची भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. "रुको भाईसाब! कोई नहीं मरा. ये बहू ऐसीच है!"

त्या पाण्याने पाहुण्यांचे पाय धुतले गेले, चहा झाला, पोहे झाले. सुशीला खाली मान घालून इतकी गोड बसली की मामा विरघळले.

"मुलगी पसंत आहे," निघताना ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत अक्कांना हळूच विचारलं, "फक्त, वहिनीच्या वळणावर तर नाही ना गेली?"

"छे हो!" अक्का घाईघाईने म्हणाल्या. "ही पाणी भरणारी. ओतणारी आम्ही आमच्याकडेच ठेवतोय!"